फिकट गुलाबी पर्णचक्र : वाट पाहण्याचा रंग

मराठीत ‘पुष्पचक्र’ हा शब्द उच्चारला की मनासमोर उत्सव उभा राहत नाही. हुतात्मा स्मारक, लष्करी मानवंदना, एखाद्या ज्येष्ठ नेत्याचे अंत्यदर्शन अशा प्रसंगांशी तो इतका जखडला गेला आहे की, नाताळच्या दिवसांत दारावर टांगल्या जाणाऱ्या हिरव्या, गोलाकार सजावटीला तो लावण्यास जीभ धजत नाही. बाजारात तिला सरळ ‘ख्रिसमस रीथ’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखापुरते आपण तिला ‘पर्णचक्र’ म्हणू या. कारण तिचा मूळ ऐवज फुलांचा नसून सदाहरित पानांचा आहे.

या पर्णचक्राने अलीकडे आपला रंग बदलला आहे. हिरवी पाने आणि लाल फीत ही परिचित जोडी बाजूला सारून फिकट गुलाबी रंगाने गृहसजावटीच्या दालनांत प्रवेश केला आहे. गुलाबी रेशमी फिती, गुलाबी काचगोळे, क्वचित पानेही गुलाबी छटेची. डिसेंबरातील हवेला ‘गुलाबी थंडी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा रंग परका वाटू नये. तरीही त्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते हा निव्वळ बाजाराने लादलेला नखरा आहे. नाताळचा रंग म्हणजे लाल आणि हिरवाच. इतरांना तो केवळ ‘सुंदर दिसतो’ म्हणून हवा असतो. या वर्षी गुलाबी, पुढील वर्षी निळा, त्यापुढील वर्षी सोनेरी. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. फिकट गुलाबी रंगाला नाताळच्या परंपरेत मानाचे आणि नेमके स्थान आहे. परंतु ते स्थान ओळखणाऱ्याला दरवर्षी नवी सजावट विकत घेण्याची गरज भासणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रथम पर्णचक्राचे कुळ पाहू. पानांचे कडे गुंफून त्याने सन्मान करण्याची प्रथा ख्रिस्ती धर्माहून प्राचीन आहे. ग्रीसमधील ऑलिंपिया येथील क्रीडास्पर्धांत विजेत्याच्या मस्तकी ऑलिव्हच्या डहाळीचे कडे चढवीत, तर रोममध्ये विजयी सेनापती लॉरेलच्या पानांचा मुकुट धारण करीत. उत्तर युरोपात या कड्याला आणखी एक अर्थ लाभला. हॅम्बुर्गसारख्या शहरात डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. झाडे निष्पर्ण झालेली असतात, जमीन गोठलेली असते. अशा वेळी हिरवी राहतात ती फर, हॉली आणि आयव्ही यांसारखी मोजकी झाडेझुडपे. त्यांच्या डहाळ्या घरात आणणे म्हणजे जीवन संपलेले नाही, असे स्वतःला बजावणे होते. ख्रिस्ती श्रद्धेने त्यात आपली भर घातली. आरंभ आणि अंत नसलेले वर्तुळ हे शाश्वत जीवनाचे प्रतीक ठरले. हॉलीच्या काटेरी पानांत ख्रिस्ताचा काटेरी मुकुट आणि तिच्या लाल फळांत रक्ताचे थेंब भाविकांना दिसू लागले. ज्या लाल-हिरव्या जोडीला आपण नाताळचे रंग म्हणतो, तिच्यामागे या झुडपाचा मोठा वाटा आहे.

दारावरील पर्णचक्राचे एक भावंड घरातील मेजावर आडवे ठेवले जाते. त्याची जन्मकथा विशेष हृद्य आहे. योहान हिनरिश विखर्न या जर्मन धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये हॅम्बुर्ग येथे ‘राउहेस हाउस’ नावाची संस्था गरीब व निराधार मुलांसाठी स्थापन केली. नाताळ जवळ येऊ लागला की मुले रोज विचारीत, ‘आज आहे का नाताळ?’ त्यांच्या या प्रश्नाला विखर्न यांनी १८३९ मध्ये दिलेले उत्तर म्हणजे गाडीचे एक जुने लाकडी चाक! त्यावर त्यांनी २० लहान लाल मेणबत्त्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता. रविवारी मोठी आणि अन्य दिवशी लहान, अशी रोज एक मेणबत्ती अधिक पेटवायची. चोविसावी ज्योत उजळली की नाताळची पूर्वसंध्या. मुलांना दिवस मोजता येऊ लागले आणि अंधार रोज थोडा कमी झालेला डोळ्यांनी दिसू लागला. पुढे चाकाभोवती हिरव्या डहाळ्या आल्या, मेणबत्त्यांची संख्या घटून चार रविवारांच्या चारच उरल्या आणि ही प्रथा जर्मनीबाहेर सर्वदूर पसरली.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावीशी वाटते. या पर्णचक्राचा जन्म श्रीमंताच्या दिवाणखान्यात झाला नाही. गरिबांच्या मुलांना धीराने वाट पाहता यावी म्हणून, टाकाऊ चाकापासून ते घडविले गेले. सजावट हा त्याचा दुय्यम गुण. दिवस मोजणे हे त्याचे मुख्य काम.

आता गुलाबी रंगाकडे वळू. नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या कालखंडाला ‘आगमनकाळ’ म्हणतात. वसईच्या मराठी भाषक कॅथलिक समाजात हा शब्द सर्वपरिचित आहे. कॅथलिक परंपरेत हा काळ आत्मपरीक्षणाचा मानला जातो आणि त्याचा रंग जांभळा असतो. धर्मगुरूंची उपासनावस्त्रे जांभळी, आणि पर्णचक्रातील चारपैकी तीन मेणबत्त्याही जांभळ्या. चौथी मात्र गुलाबी! ती पेटविली जाते तिसऱ्या रविवारी. त्या रविवारचे लॅटिन नाव ‘गाउदेते’, म्हणजे ‘आनंद करा’. डिसेंबरच्या ११ ते १७ या तारखांमध्ये येणाऱ्या या दिवशी धर्मगुरूंना गुलाबी वस्त्रे परिधान करण्याची मुभा असते. वर्षभरात अशी मुभा केवळ दोनच दिवशी मिळते; दुसरा दिवस ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील चौथा रविवार होय.

हा रंग असा मधूनच का यावा? वाट पाहण्याचा अर्ध्याहून अधिक काळ सरलेला असतो, पण सण अद्याप आलेला नसतो. अशा वेळी मन कंटाळते, शंकाकुल होते. त्या टप्प्यावर परंपरा सांगते की, थोडे थांबा आणि आनंद करा. जे यावयाचे आहे ते आता दूर नाही. पूर्ण रात्र आणि पूर्ण दिवस यांच्या मधल्या वेळी पूर्वेला जी फिकट लाली दिसते, तिच्याशी या रंगाचे नाते आहे. म्हणूनच तो गडद नसतो. भडक गुलाबी रंग सण आल्याची द्वाही फिरवतो. फिकट गुलाबी रंग सण येत असल्याचे हलकेच सुचवितो. ‘गुलाबी हा नाताळचा रंगच नव्हे’, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरेसे व्हावे.

परंतु या रंगाचा दुसराही एक इतिहास आहे आणि तोही प्रांजळपणे सांगितला पाहिजे. अमेरिकेत १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीनंतरच्या समारंभात त्यांच्या पत्नी मेमी यांनी गुलाबी पोशाख परिधान केला. त्यांची या रंगाची आवड सर्वश्रुत झाली आणि त्या दशकात अमेरिकी घरांची स्नानगृहेसुद्धा गुलाबी फरश्यांनी सजली. पुढे १९५९ पासून विस्कॉन्सिन राज्यातील मॅनिटोवॉक येथील एका कारखान्यात ॲल्युमिनियमची नाताळवृक्षे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. चंदेरी वृक्षांसोबत गुलाबी वृक्षही बाजारात आले. त्यावर सर्वांत मार्मिक टीका केली ती एका व्यंगचित्रपटाने. ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ हा लघुपट डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविण्यात आला. त्यातील लूसी ही मुलगी चार्लीला मोठे, चकचकीत, जमल्यास गुलाबी रंगाचे ॲल्युमिनियमचे झाड आणावयास सांगते. तो मात्र एक खुरटे, खरेखुरे रोपटे घेऊन येतो. ॲल्युमिनियमच्या वृक्षांची हौस त्यानंतरच्या काळात ओसरली आणि त्या ओहोटीचे बरेचसे श्रेय या लघुपटाला दिले जाते.

एकाच रंगाचे हे दोन इतिहास समोर ठेवले म्हणजे प्रश्न स्पष्ट होतो. उपासनेतील गुलाबी रंग वर्षातून दोनदा, नेमक्या दिवशी येतो, म्हणून त्याचे अप्रूप टिकते. बाजारातील गुलाबी रंग हंगामापुरता येतो आणि पुढील हंगामात जुना ठरविला जातो. आज जगातील नाताळ-सजावटीचा फार मोठा भाग चीनच्या झेजियांग प्रांतातील यिवू या शहरातून जगभर जातो. आपल्या दारावरील प्लास्टिकचे पर्णचक्रही बहुधा तेथूनच आलेले असते. प्लास्टिकचे असणे हा त्याचा दोष मी मानत नाही. दहा-बारा वर्षे जपून वापरले तर ते एक टिकाऊ साधन आहे. एका हंगामानंतर रंग ‘जुना’ झाला म्हणून ते कचऱ्यात जाते, हा खरा दोष. तार, प्लास्टिकची पाने, चमकी आणि डिंक यांचे ते मिश्रण पुनर्वापरासाठी वेगळे करणेही सोपे नसते.

बँकेत काम करणाऱ्या माणसाला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. डिसेंबरातील हौसेचा हिशेब जानेवारीत क्रेडिट कार्डाच्या देयकावर उमटतो. एका पर्णचक्राने कोणी कर्जबाजारी होत नाही, हे खरे. पण पर्णचक्रासोबत त्याच रंगाचे दिवे येतात, पडदे येतात, उशांचे अभ्रे येतात, भेटवस्तूंची वेष्टनेही त्याच रंगाची लागतात. देयकातील किमान रक्कम तेवढी भरून उर्वरित रक्कम पुढे ढकलली, की तिच्यावर अनेक कार्डे दरमहा तीन टक्क्यांहून अधिक व्याज आकारतात. वर्षाचा हिशेब केला तर हा दर छत्तीस टक्क्यांच्या पलीकडे जातो. सजावट माळ्यावर गेल्यानंतरही तिचे व्याज घरातच मुक्काम ठोकून राहते. दिवाळी असो, ईद असो वा नाताळ, उसन्या पैशांवर केलेल्या सणाची ही कथा सर्वत्र सारखीच आहे.

यावर एक जुना आणि साधा उपाय नाताळच्याच निमित्ताने बँकिंगच्या इतिहासात नोंदला गेला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाचे एक गाव आहे. तेथील कार्लाइल ट्रस्ट कंपनीचे कोषाध्यक्ष मर्केल लँडिस यांनी १९०९ मध्ये नाताळसाठी एक बचत योजना सुरू केली. ग्राहकाने आठवड्याला ठरावीक छोटी रक्कम भरावयाची आणि डिसेंबरच्या आरंभी साठलेली पुंजी न्यावयाची. पहिल्या वर्षी सुमारे ३५० ग्राहकांनी सरासरी २८ डॉलर साठविले. ‘ख्रिसमस क्लब’ या नावाने ही कल्पना पुढे अमेरिकेतील असंख्य बँकांनी उचलली. पैसे मध्येच काढता येऊ नयेत, ही त्या खात्याची अडचण नव्हती. ग्राहकांना नेमके तेच बंधन हवे होते. विखर्न यांच्या चाकावरील मेणबत्त्या आणि लँडिस यांच्या खात्यातील साप्ताहिक भरणा यांत मला विलक्षण साम्य दिसते. दोन्हींत माणूस सणाकडे एकेक पाऊल टाकीत जातो, आणि त्याला आपण किती जवळ आलो हे रोज दिसत राहते.

याच कल्पनेची एक दुःखद बाजूही आहे. ब्रिटनमध्ये फेअरपॅक ही कंपनी नाताळच्या खाद्यपदार्थांच्या टोपल्या आणि खरेदीकुपने यांसाठी वर्षभर ग्राहकांकडून हप्त्याने पैसे गोळा करीत असे. ऑक्टोबर २००६ मध्ये, सण तोंडावर आला असताना ती कोसळली. एक लाखाहून अधिक ग्राहकांचे सुमारे ३.७ कोटी पौंड अडकले. त्यांतील बहुसंख्य अल्प उत्पन्न गटातील कुटुंबे होती. हे पैसे बँकेतील ठेव नव्हते, त्यामुळे ठेवविम्याचे संरक्षण त्यांना लाभले नाही. पुढे कित्येक वर्षांनी जे हाती आले, ते मूळ रकमेच्या जेमतेम निम्मे होते. त्या कुटुंबांनी उधळपट्टी केली नव्हती. त्यांनी काटकसर केली होती, धीराने वाट पाहिली होती. पैसे ठेवण्याची जागा मात्र असुरक्षित निघाली.

आपल्याकडेही भिशी, दिवाळी फंड अशा प्रथा परस्पर विश्वासावर चालतात. तो विश्वास मोलाचा आहे. पण विश्वासाला विमा नसतो. बँकेतील ठेवींना २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे आणि आवर्ती ठेवही त्यात समाविष्ट आहे. डिसेंबरात उघडलेले बारा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते पुढील डिसेंबरात परिपक्व होते. दरमहा ५०० रुपये म्हटले तरी ६,००० रुपये मुद्दल आणि त्यावरील व्याज हाती येते. एका मध्यमवर्गीय घराचा नाताळ त्यात समाधानाने साजरा होऊ शकतो. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण लहानपणी गिरवले आहे. फक्त तळ्याचा काठ भक्कम आहे ना, हे पाहावयास हवे.

मग फिकट गुलाबी पर्णचक्र घरी करावे कसे? फरच्या डहाळ्या आपल्या हवामानात सहजी मिळत नाहीत आणि त्यांची गरजही नाही. कोकण आणि गोवा किनाऱ्यावर सुरूच्या झाडाची फांदी नाताळवृक्ष म्हणून पूर्वापार वापरली जाते. तिच्याच लवचीक, सुईसारख्या डहाळ्या पर्णचक्रालाही शोभतात. बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांचे हातभर व्यासाचे कडे करून घ्यावे. त्यावर भाताचा पेंढा गुंडाळून सुतळीने घट्ट बांधावा आणि त्यात डहाळ्या एकाच दिशेने खोचत जावे. गुलाबी रंगासाठी बोगनवेल आहे. जिला आपण तिची फुले समजतो, ती वास्तविक रंगीत पाने असतात. कागदासारखी पातळ असल्यामुळे ती वाळली तरी आकार सोडत नाहीत. तेही नको असेल, तर कपाटातील एखादी विटलेली गुलाबी साडी काढावी. तिच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यांची फीत बाजारातील रेशमी फितीपेक्षा अधिक मायेची ठरते. मेजावरील पर्णचक्रात मेणबत्त्या लावावयाच्या असतील, तर त्या धातूच्या खोलगट वाट्यांत ठेवाव्यात आणि पाने वाळू लागताच बदलावीत. वाळलेली पाने आणि पेंढा क्षणात पेट घेतात.

पुढील वर्षी डहाळ्या तेवढ्या नव्या आणाव्या लागतात. कडे तेच राहते, फीतही तीच राहते. घरातील मुले ती फीत ओळखू लागतात. ‘ही आजीच्या साडीची’ असे त्यांनी पाहुण्यांना सांगावे, यापरते सजावटीचे सार्थक कोणते?

‘हा आपला सण नाही, मग हा खटाटोप कशासाठी?’ असाही प्रश्न कोणी विचारील. आपल्या बँकेच्या शाखा देशभर पसरलेल्या आहेत. मडगाव, कोची, शिलाँग, कोलकाता अशा ठिकाणी नियुक्ती झाली की शेजाऱ्याचा सण आपल्या अंगणापर्यंत येतोच. अनेक शाखांच्या दर्शनी भागातही डिसेंबरात नाताळची सजावट होते. ती जरूर व्हावी. मात्र आंब्याच्या पानांचे तोरण आपण का बांधतो, हे एखाद्या ख्रिस्ती सहकाऱ्याने कुतूहलाने विचारले तर आपल्याला जसा आनंद होतो, तसाच आनंद आपणही त्याला द्यावा. तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती त्याच्या घरी कधी लागते, हे त्याला विचारावे. पर्णचक्र २५ डिसेंबरलाच उतरवून ठेवू नये. नाताळचा आनंदकाळ परंपरेने तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत मानला जातो. गोव्यात रेइश मागूश आणि चांदोर येथे तो सण आजही थाटाने साजरा होतो. शेजाऱ्याच्या सणाची एवढी माहिती करून घेणे, हाही त्याला शुभेच्छा देण्याचाच एक प्रकार आहे.

आज घरबसल्या मागविलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते. हप्ते नंतर भरण्याची सोय असते. वाट पाहणे ही जणू गैरसोय ठरली आहे. अशा काळात वाट पाहण्यासाठीच जन्मलेली एक वस्तू आपण हौसेने दारावर टांगतो आणि तीही घाईघाईने, उधारीवर विकत घेतो, यातील विसंगती सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. म्हणून विनंती एवढीच की, यंदा दारावर फिकट गुलाबी पर्णचक्र जरूर लावा. शक्य तर स्वतः करा. विकत घेतलेत तर आणखी दहा नाताळ जपा. आणि ज्या दिवशी ते दारावर चढेल, त्याच आठवड्यात पुढील नाताळसाठी एक छोटेसे आवर्ती ठेव खाते उघडा. पर्णचक्र उतरवून ठेवल्यानंतरही दरमहा एक हप्ता जमा होत राहील आणि पुढला नाताळ आपल्या घरी ऋणमुक्त पावलांनी येईल.

सर्व ग्राहक बंधू-भगिनींना आणि सहकाऱ्यांना नाताळच्या व नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा!